यांत्रिक बोटीचा अपघात आणि बुडणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१८ डिसेंबर २०२४ ला दुपारी चारच्या सुमारास गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' लाँचवर नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि ताबा सुटला. दोन्ही बोटींवरची मिळून पंधरा माणसं गेली. लाँचमधून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या मनात तेव्हा जे प्रश्न आले, ते आजही येतात. खालची उत्तरं लाँच, फेरीबोट, मासेमारीची यांत्रिक होडी, धरणातली मोटरबोट, पर्यटकांची स्पीडबोट अशा सगळ्यांना लागू पडतात.

बोटीला अपघात झाला तर माणसं धडकेने मरतात की बुडून?

बहुतेक बुडून. अमेरिकेचं तटरक्षक दल दरवर्षी हौशी बोटींच्या अपघातांचा हिशेब छापतं. २०२३ साली तिथे ५६४ माणसं दगावली. ज्यांच्या मृत्यूचं कारण कळलं, त्यांतली ७५ टक्के बुडून गेली, आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. जॅकेट बोटीत होतं की नव्हतं हा मुद्दा वेगळा, अंगावर नव्हतं. 'नीलकमल'च्या बहुतेक प्रवाशांच्या अंगावरही ते नव्हतं.

धडक आणि बुडणं या दोन गोष्टी बरेचदा एकत्रच येतात. डोकं कठड्यावर आपटतं, शुद्ध हरपते आणि माणूस पाण्यात जातो. वर काढलेल्या माणसाची मान, डोकं, पोट तपासायचं राहून जातं ते यामुळेच. सगळ्यांचं लक्ष नाकातोंडात गेलेल्या पाण्याकडे असतं.

पट्टीचा पोहणारा कसा काय बुडतो?

विहिरीत सूर मारणं वेगळं आणि चालत्या बोटीतून बेसावध फेकलं जाणं वेगळं. पहिला श्वास पाण्याखालीच घेतला जातो, तिथेच निम्मा खेळ आटोपतो. त्यात अंगावर जीन्स किंवा साडी, पायात बूट, पाण्यावर डिझेलचा तवंग, आणि शेजारी गटांगळ्या खाणारा माणूस गळ्याला मिठी मारतो. बोट पालथी पडली तर वरचं छप्पर, ताडपत्री, बाकं यांच्या खाली माणूस सापडतो आणि अंधारात वर कुठे अन् खाली कुठे हेच कळत नाही.

पोहता येणं उपयोगी आहेच. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी धरणात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली, तेव्हा एक जण पोहत काठाला लागला. सहा जण गेले. पण 'मला पोहता येतं, मला जॅकेट कशाला' हे वाक्य धक्क्यावर जितक्या वेळा ऐकू येतं, तितका त्यात अर्थ नाही.

चांगली चालणारी बोट अचानक कलंडते कशी?

वजन वर गेलं किंवा एका अंगाला गेलं की. दुमजली लाँचमध्ये सगळ्यांना हवा खायला वरच बसायचं असतं. वर गर्दी आणि खाली रिकामी बाकं असली की बोटीचा तोल वर सरकतो. मग एखादं मोठं जहाज शेजारून गेलं, त्याच्या लाटेने बोट डोलली आणि माणसं घाबरून एका बाजूला धावली तर ती परत सरळ होत नाही. १३ जानेवारी २०१८ ला डहाणूच्या समुद्रात शाळा-कॉलेजची मुलं असलेली बोट उलटून तीन मुली गेल्या. सेल्फीसाठी मुलं एका बाजूला गोळा झाली होती, असं त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं.

परवान्यापेक्षा जास्त माणसं हे दुसरं कारण, आणि ते कुणाला नवीन नाही. 'नीलकमल'चा परवाना ८४ प्रवासी आणि ६ खलाशांचा असल्याचं सांगितलं गेलं; बोटीवर शंभराच्या वर माणसं होती. धडक दुसऱ्याने दिली हे खरं. तरी बुडणाऱ्या बोटीवरचं प्रत्येक जादा माणूस म्हणजे एक जॅकेट कमी.

बोटीच्या तळाला साठलेलं पाणी हा तिसरा प्रकार. तळातलं पाणी बोट झुकेल त्या बाजूला धावतं आणि तिला आणखी झुकवतं. खलाशी सारखा पंप चालवत असेल तर विचारा, का म्हणून.

पाण्यात नेमकं काय होतं शरीराला?

माणूस आधी श्वास रोखून धरतो. मग रोखणं अशक्य होतं आणि पाणी आत जातं. थोडं पाणी घशाशी लागलं की स्वरयंत्र आवळलं जातं, खोकला येतो, आणखी पाणी जातं. फुप्फुसं काही घागरीसारखी भरत नाहीत. किलोमागे दोन-तीन मिलिलिटर पाणीदेखील पुरतं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पेलाभरसुद्धा लागत नाही. फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे उघडे ठेवणारा एक थर असतो, तो पाण्याने धुतला जातो. फुगे मिटतात आणि रक्तात प्राणवायू जाणं थांबतं. हृदय त्यानंतर काही मिनिटांनी थांबतं. म्हणजे आधी श्वास बंद, मग हृदय बंद. हा क्रम लक्षात ठेवा, पुढच्या दोन उत्तरांचं सगळं त्यावरच आहे.

मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत इजा सुरू होते. पाच मिनिटांच्या आत बाहेर निघालेल्यांना चांगली आशा असते. त्यापुढे ती झपाट्याने कमी होते.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पहिलं काय करायचं?

तोंडाने श्वास द्यायचा. छाती दाबायला सुरुवात त्यानंतर.

हार्ट अटॅकमध्ये रक्तात प्राणवायू शिल्लक असतो, म्हणून तिथे नुसती छाती दाबलेली चालते आणि सोसायट्यांमधल्या शिबिरांत तेवढंच शिकवतात. बुडालेल्या माणसाच्या रक्तात प्राणवायूच संपलेला असतो. नुसती छाती दाबून तेच रिकामं रक्त फिरवत राहण्यात फारसा फायदा नाही.

उताणा झोपवा. हनुवटी वर, डोकं थोडं मागे. तोंडात शेवाळ, उलटी, कवळी दिसत असेल तर बोटाने काढा. दिसत नसेल तर आत बोटं घालून शोधत बसू नका. नाक चिमटीत धरा, त्याच्या तोंडावर तोंड घट्ट लावा आणि छाती वर येईल इतकी फुंकर घाला. असे दोन ते पाच श्वास. तरी हालचाल नाही, श्वास नाही, तर छातीच्या मध्यभागी तळहाताचा खालचा भाग ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाबा, मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जायला हवी. तीस वेळा दाबायचं, दोन श्वास द्यायचे, आणि चालू ठेवायचं. मदत येईपर्यंत किंवा तो श्वास घेऊ लागेपर्यंत. शॉक देणारं एईडी यंत्र मिळालं तर छाती कोरडी पुसून लावा, पण त्याची वाट बघत श्वास थांबवू नका.

तोंडातून फेस येत राहतो, कधी गुलाबीसर. बघणाऱ्याला किळस येते आणि भीतीही वाटते. तो पुसत बसायचं नाही, तो संपत नाही. फेसावरूनच श्वास द्यायचा. आणि उलटी बहुधा होतेच. झाली की पूर्ण अंग एका बाजूला कुशीवर वळवा, तोंड साफ करा, परत उताणं करा आणि पुढे चालू.

हे सगळं धक्क्यावर पोचल्यावर करायचं असं समजू नका. बोटीच्या फळीवर, डोलत्या बोटीतसुद्धा श्वास देता येतो.

पोटातलं पाणी काढायचं नाही का?

नाही. पालथं घालून पाठीवर गुडघा देणं, पाय धरून उलटं लटकवणं, पोट दाबणं, खांद्यावर टाकून पळणं, हे सगळं कोकणात आणि घाटावर पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. पोटातलं पाणी माणसाला मारत नाही. पोट दाबलं की ते पाणी अन्नासकट वर येतं आणि फुप्फुसात जातं. शिवाय श्वास द्यायची मोलाची दोन मिनिटं त्या खटाटोपात जातात. भोवती जमलेल्यांतला कुणी ज्येष्ठ 'आधी पालथा घाला' म्हणून ओरडणारच. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना १०८ ला फोन लावायला सांगा.

माणूस बोलतोय, चालतोय. तरी दवाखान्यात न्यायचं?

पाण्याखाली गेला असेल आणि त्यानंतर खोकला, धाप, छातीत जड वाटणं, उलट्या, गुंगी यांतलं काहीही असेल, तर हो. डॉक्टर बहुधा बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतील, छाती ऐकतील आणि सहा ते आठ तास नजरेखाली ठेवतील. सूज वाढायची असेल तर त्या वेळात कळते. काही नसेल तर घरी सोडतात.

व्हॉट्सॅपवर 'ड्राय ड्राउनिंग'चे मेसेज फिरतात की पाण्यातून आलेलं मूल आठवड्याने झोपेत गेलं. वैद्यकात हे नाव आता कुणी वापरत नाही. ज्याला काही तासांत त्रास सुरू झाला नाही, तो आठवड्याने अचानक बुडून मरत नाही. ज्याला होतो, त्याला खोकला-धाप आधीपासूनच असते, फक्त गडबडीत कुणी लक्ष दिलेलं नसतं.

खाऱ्या पाण्यात बुडणं आणि गोड्या पाण्यात बुडणं, उपचार वेगळे?

नाहीत. जुन्या पुस्तकांत यावर पानंच्या पानं आहेत. प्रत्यक्षात दोन्हीकडे अडचण एकच, प्राणवायूची.

नाकातोंडात डिझेल किंवा पेट्रोल गेलं तर?

उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. इंधन पोटात गेल्यापेक्षा फुप्फुसात गेलं की जास्त नुकसान करतं, आणि उलटीत ते तिकडेच जातं. भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, आणि डॉक्टरांना 'पाण्यावर तेल होतं' हे आवर्जून सांगा. एरवी ते विचारतीलच असं नाही.

इंजिनाच्या पंख्याने कापलं तर?

एका पाठोपाठ एक, जवळजवळ समांतर अशा खोल जखमा होतात, बहुतेक मांडीवर आणि पोटरीवर. रक्त इतक्या वेगाने जातं की बुडण्याआधी त्यानेच माणूस जाऊ शकतो. स्वच्छ कापडाने जखमेवर पूर्ण जोर देऊन दाबून धरा आणि सोडून बघू नका. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर रुंद पट्टी करकचून आवळा आणि वेळ लिहून ठेवा.

खरं काम आधीचं आहे. पाण्यात माणूस असताना पंखा फिरता कामा नये. स्पीडबोट चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला एक लाल दोरी असते, तो फेकला गेला की ती ओढली जाते आणि इंजिन बंद पडतं. ही दोरी स्टिअरिंगपाशी नुसतीच लोंबताना दिसली तर चालकाला लावायला सांगा. नाहीतर तो पाण्यात पडल्यावर रिकामी बोट गोल गोल फिरत परत त्याच्याच अंगावर येते.

लाइफ जॅकेट घातलं की झालं?

नीट घातलं तर. गळ्यात हारासारखं अडकवून ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडताच डोक्यावरून निघून जातं. सगळे पट्टे लावा, मग शेजाऱ्याला सांगा की जॅकेटचे दोन्ही खांदे धरून वर उचल. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. मुलांच्या बाबतीत तर हे करून बघाच, कारण लहान मूल मोठ्यांच्या जॅकेटमधून खालून निसटतं. मुलांसाठी छोटं माप हवं आणि पायांमधून जाणारा पट्टा हवा. बोटवाल्याकडे मुलांची जॅकेटं नसतील तर ती फेरी सोडून द्या.

कित्येक लाँचमध्ये जॅकेटं छपराखाली जाळीत कोंबून, वर सुतळीने बांधलेली असतात. बोट झुकल्यावर ती सुतळी कोण सोडणार? 'नीलकमल'नंतर जॅकेट सक्तीचं झालं आणि धक्क्यावर वाटपही सुरू झालं. मळकं आहे, घामट वास येतो, फोटोत बरं दिसत नाही, ही कारणं समजू शकतात. घालाच. शिवण उसवलेलं, आतला फोम चुरगळून पातळ झालेलं, चाप तुटलेलं असेल तर बदलून मागा, लाजू नका.

एक खरी अडचण आहे. बंद केबिनमध्ये पाणी भरलं तर फोमचं जॅकेट तुम्हाला छताला चिकटवून ठेवतं आणि खाली बुडी मारून दाराबाहेर पडता येत नाही. म्हणून शक्यतो उघड्या डेकवर किंवा दाराजवळ बसा.

पाण्यात पडलोच तर?

पहिलं मिनिट काही करू नका, तोंड पाण्याच्या वर ठेवा. श्वास ताळ्यावर आला की मग बघा. बोट तरंगत असेल, भले पालथी, तर तिला धरून राहा. शोधणाऱ्यांना बोट दिसते, माणसाचं डोकं दिसत नाही. बोट सरळ तळाला चालली असेल तर तिच्यापासून आणि पंख्यापासून लांब व्हा. किनारा वाटतो त्यापेक्षा लांब असतो, ओहोटीत तर तो पळतच असतो. ओहोटीच्या ओढीविरुद्ध पोहून दमू नका. रिकामा कॅन, बाक, थर्मोकोलची पेटी, मिळेल ते छातीशी धरा.

शेजारच्या बोटीतून मदत कशी करायची?

उडी मारू नका. दोरी, रिंग, बांबू, जॅकेट फेका. बोट हळू आणा, जवळ आलं की इंजिन न्यूट्रलला नव्हे, बंद. सगळे एकाच बाजूने ओढायला वाकले की दुसरी बोटही उलटते. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला गेलेली राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची (एसडीआरएफ) बोटच उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. ती तर शिकलेली, सरावातली माणसं होती.

याउलट १४ मार्च २०२० ला मांडव्याजवळ 'अजंठा' बोट बुडू लागली तेव्हा गस्तीवरची पोलिसांची बोट वेळेत पोचली आणि ८८ प्रवासी वाचले. बराच वेळ पाण्यात असलेल्या माणसाला शक्यतो आडवंच वर घ्या. ताठ उभं ओढलं तर रक्तदाब एकदम खाली येऊन तो बोटीत आल्यावर कोसळू शकतो.

फोन कुठे करायचा?

समुद्रात तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. धरण-नदीवर ११२. रुग्णवाहिका १०८. बोटीवर व्हीएचएफ रेडिओ (बिनतारी संच) असेल तर चॅनल १६. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात असू द्या. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट रेवसला जाताना काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. मुंबई डोळ्यांसमोर असूनही तिथे बातमी पोचायला कित्येक तास लागले, कारण कळवायचं साधनच बोटीवर नव्हतं.

पावसाळ्यात लाँचने जावं का?

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी पावसाळ्यात बंदच असतात. धरणांवर मात्र मे अखेरीस वळवाचं वारं सुटतं त्याच दिवसांत वर्दळ असते. आभाळ काळं दिसलं की उशीर झाला तरी चालेल, काठावर थांबा. उजनीला बोट उलटली ती अशाच वाऱ्यात.

वाचलेल्या माणसाला रात्री दचकून जाग येते, पाण्याची भीती बसली आहे.

पहिले काही आठवडे हे होतंच. महिना उलटूनही झोप नाही, कामावर जाववत नाही, अंघोळीचा तांब्या डोक्यावर घेताना छाती धडधडते, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. 'वाचलास ना, देवाचे आभार मान' एवढ्यावर सोडू नका. ज्याचं कुणी सोबतचं गेलं, त्याला वाचल्याचाच अपराध वाटत असतो.

गुन्हा कुणावर आणि कोणता?

भारतीय न्याय संहितेत बेदरकारपणे जहाज हाकणं हे कलम २८२, आणि असुरक्षित किंवा जादा भरलेल्या बोटीतून भाड्याने माणसं नेणं हे कलम २८४. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर कलम १०६, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. समुद्र आणि खाड्यांतल्या प्रवासी बोटींचे परवाने महाराष्ट्र सागरी मंडळ देतं. तिकिटाचा कागद फाडून टाकू नका आणि बोटीचं नाव-नंबर असलेला फोटो मोबाइलमध्ये असू द्या, पुढे लागतो.

विमा किंवा भरपाई मिळते का?

'नीलकमल'च्या वेळी राज्य सरकारने मृतांच्या वारसांना मुख्यमंत्री सहायता निधीतून पाच लाख जाहीर केले होते, पण अशी मदत घटनेगणिक ठरते. हातात असलेली गोष्ट म्हणजे बँक खात्यावरची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपये कापले जातात, वय १८ ते ७० हवं, अपघाती मृत्यूला दोन लाख. घरच्यांना बरेचदा माहीतच नसतं की पासबुकात हे वीस रुपये कापले गेले आहेत. पासबुक भरून बघा. दाव्यासाठी पोलिसांची आकस्मिक मृत्यूची नोंद, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. 'आता चिरफाड कशाला' म्हणून घाईने अंत्यविधी उरकला की पुढे कागद जमत नाहीत.

माणूस सापडलाच नाही तर?

बेपत्ता म्हणून लगेच तक्रार द्या, आणि बोटीवर तो होता हे सांगू शकणाऱ्या सहप्रवाशांचे जबाब त्याच वेळी नोंदवून घ्या. सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही त्याला मृत धरता येतं, असा साक्षीपुराव्याच्या कायद्यातला नियम आहे. पण तेवढं थांबणं प्रत्येक वेळी लागतंच असं नाही. बोट बुडाल्याची नोंद, प्रवाशांची यादी आणि हे जबाब असतील तर दिवाणी न्यायालयात मृत्यू घोषित करून मिळावा म्हणून आधीही अर्ज करता येतो. वकिलाकडे जाताना हे तीन कागद बरोबर घेऊन जा. यादीत नाव नसेल तर तिकीट, धक्क्यावरचं सीसीटीव्ही, मोबाइलचं शेवटचं लोकेशन, जे मिळेल ते पहिल्या आठवड्यातच मागून ठेवा, कारण सीसीटीव्हीचं चित्रण थोड्याच दिवसांत आपोआप पुसलं जातं.